तळटीप : करगा आणि ब्यासी

करगा म्हणजे रायपूरकडच्या भातखाचरांत आपोआप उगवणारा रानभात. कोवळेपणी तो पिकापासून वेगळा ओळखू येत नाही. पाणी, ऊन, खत मात्र त्याच खाचरातले ओढतो, आणि कापणीआधीच दाणे झाडून पुढच्या वर्षीची बेगमी करून ठेवतो. यावर रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाने जांभळ्या पानांचे ‘श्यामला’ वाण काढले : हिरवे दिसेल ते उपटा. (संकराने करग्यातही जांभळा रंग शिरू शकतो, ही त्यातली मेख.) ब्यासी म्हणजे फोकून पेरलेल्या उभ्या भातात महिन्याभराने, साचल्या पाण्यात नांगर फिरवणे. त्याने तणाबरोबर भाताचीही गर्दी मोडते. रोपे घटतात, पण उरलेल्यांना फुटवे अधिक येतात. उपटलेली रोपे मग विरळ जागी लावतात, ती चलाई.