राउटर एक मिनिट गप्प का बसतो?

राउटरच्या सेटिंगमध्ये ‘डीएफएस’ ही तीन अक्षरं तुम्ही कधीतरी पाहिली असतील. ५ गिगाहर्ट्झमधलं असं एखादं चॅनल निवडलं की अमेरिकी नियमाप्रमाणे राउटरने आधी ६० सेकंद नुसतं ऐकायचं. आसपास रडार नसेल तरच बोलायचं. नंतर कधीही रडार जाणवलं तर १० सेकंदांत चॅनल सोडायचं आणि ३० मिनिटं तिकडे फिरकायचं नाही.

हे आकडे आपण अभियांत्रिकीचे म्हणून वाचतो. पण त्यांना इतिहास आहे, आणि तो १९८५ सालच्या दोन घटनांपासून सुरू होतो.

पहिली घटना मे महिन्यातली. अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने, म्हणजे एफसीसीने, तीन पट्टे स्प्रेड स्पेक्ट्रम तंत्रासाठी खुले केले. त्यातला एक २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झचा. परवाना नको, शक्ती १ वॉटपर्यंत. मायक्रोवेव्ह ओव्हनसारखी उपकरणं तिथे आधीपासूनच गोंगाट करत होती, म्हणून त्या जागेला फारसा भाव नव्हता. अट मात्र कडक होती: तुम्ही कुणाला त्रास द्यायचा नाही, आणि दुसऱ्याचा त्रास झाला तर तक्रार करायची नाही. पुढे वाय-फाय याच दारातून आत आलं.

दुसरी घटना २ ऑगस्टची. डॅलस-फोर्ट वर्थ विमानतळावर उतरताना डेल्टाचं १९१ क्रमांकाचं विमान मायक्रोबर्स्टमध्ये, म्हणजे ढगातून अचानक खाली कोसळणाऱ्या वाऱ्यात, सापडलं. १३७ माणसं गेली. असे वारे आधीच ओळखणारी खास डॉप्लर रडारं मग १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या मोठ्या विमानतळांजवळ उभी राहिली. त्यांचा पट्टा ५६०० ते ५६५० मेगाहर्ट्झ.

वाय-फायला २.४ गिगाहर्ट्झ पुरेना, तेव्हा २००३च्या जागतिक रेडिओ परिषदेत ५ गिगाहर्ट्झमधले आणखी पट्टे खुले झाले. त्यातला ५४७० ते ५७२५चा पट्टा बघा. वाऱ्याची रडारं बरोबर त्याच्या पोटात येतात! डीएफएस ही या शेजाराची अट होती.

२००९मध्ये पोर्टो रिकोतल्या सान हुआनच्या रडारवर हस्तक्षेपाचे पट्टे उमटू लागले. तपासात सापडली ती इंटरनेट पुरवठादारांनी उंच जागी, रडारच्या थेट समोर लावलेली उपकरणं. एफसीसीच्या पुढच्या कारवायांमध्ये असं दिसतं की काही ठिकाणी डीएफएस चक्क बंद करून ठेवलेलं होतं.

इथे थांबून विचार करा. प्रमाणपत्र प्रयोगशाळेतल्या नमुन्याला मिळतं. हस्तक्षेप मात्र एखाद्या डोंगरावर, एखाद्या माणसाने बदललेल्या सेटिंगमुळे होतो. नियमाचा मजकूर वाचून काय व्हायला हवं होतं ते कळतं. काय झालं ते कळायला दंडाचे आदेश आणि तपासाचे अहवाल वाचावे लागतात. दोन्ही वाचल्याशिवाय ‘नियम यशस्वी झाला’ असं वाक्य प्रबंधात लिहू नका.

उपायाचीही किंमत असते. २०१४मध्ये एफसीसीने रेडिओचं सॉफ्टवेअर सुरक्षित ठेवण्याची सक्ती केली. पुढच्या वर्षीच्या मार्गदर्शक सूचनेत डीडी-डब्ल्यूआरटी या खुल्या फर्मवेअरचं नावच आलं. उत्पादक आता अख्खा राउटरच कुलूपबंद करतील, अशी धास्ती नेटवर्क संशोधकांना वाटली. कारण ज्यावर प्रयोग करायचे तेच यंत्र हातातून जाणार होतं. हरकती आल्या, आणि नोव्हेंबर २०१५मध्ये आयोगाने खुलासा केला की बंधन फक्त रेडिओच्या मर्यादा ओलांडणाऱ्या बदलांवर आहे.

आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झ २००५मध्ये परवानामुक्त झालं, आणि ५ गिगाहर्ट्झचे पट्टे २०१८मध्ये बऱ्यापैकी मोकळे झाले. त्या अधिसूचना उघडाल तेव्हा प्रत्येक आकड्याला एकच प्रश्न विचारा: या पट्ट्यात आधी कोण राहत होतं? संशोधनाचा विषय बहुतेक वेळा तिथेच सापडतो.