पूजासंगीताची लोकमुळे

देरासरात पूजा ‘भणविली’ जाते. ‘गायिली’ जाते असे सहसा कोणी म्हणत नाही. तथापि जळगाव-धुळे परिसरात झांज, ढोलकी व पेटीच्या साथीने स्नात्रपूजा रंगते, तेव्हा चालते ते गायनच होय. सत्तरभेदी पूजेच्या सतरा प्रकारांपैकी अखेरचे तीन गीत, नृत्य व वाद्य हेच आहेत.

सकलचंद्र उपाध्यायांची सत्तरभेदी पूजा रागदारीत बांधलेली आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात अहमदाबादचे पंडित वीरविजयजी यांनी स्नात्र, पंचकल्याणक आदी पूजा रचल्या, त्यांतील अनेक ढाळांना मात्र त्यांनी प्रचलित लोकगीतांच्या चाली दिल्या. अशा चालीस ‘देशी’ म्हणतात. गरब्यातली, लग्नघरातली, विरहिणीची चाल प्रभूच्या जन्माभिषेकास शोभून दिसली. चाल ओळखीची असल्याने श्राविकांना ती वेगळी शिकावी लागत नसे. स्थानकवासी परंपरेतील चौपई व ढाळाही याच वाटेने रचल्या गेल्या.

हस्तलिखितांत ढाळेच्या माथ्यावर केवळ मूळ लोकगीताची आरंभीची ओळ लिहीत, स्वरलिपी नसे. मोहनलाल दलिचंद देसाई यांनी ‘जैन गुर्जर कविओ’ या ग्रंथात अशा दोन हजारांहून अधिक देशींची सूची दिली. त्यांतील कित्येक लोकगीते आज कोणी गात नाही. म्हणजे गाण्याचे नाव साधूंच्या पोथीने राखले, चाल मात्र राखता आली नाही.

खानदेशात कापूस व कापडाच्या व्यापारानिमित्त मारवाड-गुजरातेतून कुटुंबे आली आणि त्यांच्यासोबत या चालीही आल्या. येथे त्यांना शेजारही गाणाराच लाभला. अक्षय्य तृतीयेस एकीकडे वर्षीतपाच्या पारण्याची स्तवने, तर त्याच दिवशी गल्लीत आखाजीच्या झोक्यावर माहेरवाशिणींची अहिराणी गाणी. दोन्ही परंपरा स्त्रियांच्या पाठांतरावर तगल्या.

आता पूजेत चित्रपटगीतांच्या चाली येतात म्हणून ज्येष्ठ मंडळी नाराज होतात. परंतु लोकांच्या ओठावरची चाल उचलण्याचा प्रघात वीरविजयजींचाच. त्यात दोष काढता येत नाही. खरी हानी निराळी आहे. नव्या चालीत बसविलेल्या ढाळेची जुनी देशी एका पिढीत विसरली जाते, आणि छापील पूजासंग्रहात तिचे नाव तेवढे उरते. महिला मंडळांतील वयोवृद्ध श्राविकांना यांतील काही चाली अद्याप मुखोद्गत आहेत. स्नात्रापासून आरंभ करून, ढाळेगणिक, त्यांच्याच आवाजात त्या ध्वनिमुद्रित करून घेण्यास फारसा खर्च नाही. दोन-चार दुपारी पुरेत.