हौदातले वॉकर

‘वॉकर’ हे इंग्रजी आडनाव ऐकलं की डोळ्यांपुढे चालणारा माणूस येतो. या नावातलं चालणं मात्र रस्त्यावरचं नव्हे, हौदातलं.

मध्ययुगात इंग्लंडची श्रीमंती लोकरीवर उभी होती. मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड विरळ आणि तेलकट असे. ते हौदात टाकायचं, वर पाणी, शिळं मूत्र आणि आपण मुलतानी म्हणतो त्या जातीची माती घालायची आणि तासन्‌तास तुडवायचं. मग तेल निघे, कापड आटून घट्ट होई. मूत्र घरोघरून गोळा केलेलं. त्यात उघड्या पायांनी उभा राहणारा, तो वॉकर.

या एकाच कामाला प्रांतागणिक शब्द वेगळा होता. उत्तरेकडे वॉकर, आग्नेयेला फुलर, नैर्ऋत्येला डेव्हनकडे टकर. तिथल्या एक्झेटर शहरात १४७१ सालचा ‘टकर्स हॉल’ अजून उभा आहे. आमचंही तसंच. कापूस पिंजणारे आम्ही खानदेशात पिंजारी, कोल्हापूर-सांगलीकडे नदाफ.

बाराव्या शतकातच इंग्लंडमध्ये हे काम पाणचक्कीवरचे लाकडी हातोडे करू लागले होते. ११८५ च्या एका मोजणीत अशा चक्क्यांची नोंद आहे. आडनावं बापाकडून मुलाकडे जाऊ लागली ती बहुतेक त्यानंतर, तेराव्या-चौदाव्या शतकात. यॉर्कशायरच्या १३७९ च्या डोईपट्टीच्या याद्यांत वॉकर सापडतात. म्हणजे पाय हौदाबाहेर निघत होते, तेव्हाच नाव घराण्याला चिकटत होतं. आज ब्रिटनमधल्या सर्वाधिक आढळणाऱ्या आडनावांत वॉकर आहे.

अर्थ विसरला गेला याचा पुरावा व्हिस्कीच्या बाटलीवर आहे. किल्मार्नॉकच्या जॉन वॉकर यांनी १८२० मध्ये किराणा दुकान घातलं. त्यांच्याच नावाची ही व्हिस्की. १९०८ मध्ये तिच्या जाहिरातीत उंच टोपी, लाल कोट आणि बूट घातलेला, ढांगा टाकत निघालेला साहेब आला. वॉकरच्या पायांत बूट!

या बाटलीवरूनच गुरुदत्त यांनी मुंबईतल्या एका बस कंडक्टरला पडद्यावरचं नाव दिलं. बद्रुद्दीन जमालुद्दीन काझी, म्हणजे आपले जॉनी वॉकर. काझी म्हणजे न्याय देणारा. न्यायासनावरचं आडनाव असलेला हा माणूस कापड तुडवणाऱ्याच्या नावाने गाजला. मला हे फार आवडतं.

तरुणपणी मी कविता पाठवू लागलो तेव्हा एका संपादकांनी सल्ला दिला होता : ‘आडनाव गाळा, छानसं टोपणनाव घ्या. पिंजारी म्हटलं की लोकांना गाद्या आठवतात.’ दोन कविता मी तशा छापूही दिल्या. आजोबांना अंक दाखवला. त्यांना वाचता येत नव्हतं. ‘यात आपलं नाव कुठंय?’ म्हणून त्यांनी विचारलं, आणि मी पानावर भलत्याच ठिकाणी बोट ठेवलं. त्यांनी त्या जागेवरून हात फिरवला. नखांत कापसाचे तंतू होते.

तिसऱ्या कवितेपासून मी आडनाव लिहू लागलो. तोवर आजोबा राहिले नव्हते.