‘वीज आहे’ आणि ‘वीज चांगली आहे’ : स्वनिर्मित संगणकातील दोषनिदानाचा इतिहास

‘वीज आहे’ या विधानाचा अर्थ व्यवहारात पुरेसा स्पष्ट असतो. बटण दाबले असता दिवा लागला, म्हणजे वीज आहे. न लागला, म्हणजे ती गेली. दिवा मंद जळू लागल्यास ‘व्होल्टेज कमी आहे’ असे म्हणण्याची सोय बोलीत आहे. परंतु तेथे साक्ष डोळ्यांची असते. संगणकाच्या बाबतीत अशी साक्ष मिळत नाही. पंखा फिरत असतो, दिवा तेवत असतो आणि तरीही पडदा कोरा राहतो. सुटे भाग घरी जोडून संगणक उभारण्याच्या सुमारे ५० वर्षांच्या इतिहासाकडे पाहता एक गोष्ट ध्यानात येते. वीज आहे एवढेच पुरत नाही, ती चांगली असावी लागते. आणि ती चांगली आहे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार या काळात मनुष्याच्या हातून क्रमाक्रमाने यंत्राकडे गेला. दोषनिदान अवघड होण्याचे मूळ या संक्रमणात आहे.

जानेवारी १९७५ च्या ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या अमेरिकन मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकलेला ‘अल्टेअर ८८००’ हा सुट्या भागांच्या संचाच्या रूपाने विकला जाई. त्याचा वीजपुरवठा साधा होता. ट्रान्सफॉर्मर घरगुती विजेचा दाब उतरवी, डायोड तिला एकदिश करीत आणि मोठे कपॅसिटर तिच्यातील चढउतार कमी करीत. या रीतीने सुमारे ८ व्होल्टांचा अनियंत्रित दाब सर्व कार्डांपर्यंत जाई आणि प्रत्येक कार्डावरील नियंत्रक त्यापासून ५ व्होल्ट तयार करी. या रचनेत दोषाची विभागणी आपोआप होत असे. एकच कार्ड बंद पडले, तर संशय त्याच्या नियंत्रकावर; सर्वच बंद पडली, तर सामाईक पुरवठ्यावर. मात्र कार्डांची संख्या वाढताच मूळ पुरवठा अपुरा पडू लागला. नियंत्रकाला ५ व्होल्ट देण्यासाठी स्वतःस सुमारे ७ व्होल्ट तरी मिळावे लागतात. दाब त्याखाली घसरला, तर यंत्र बंद न पडता चुकू लागते. ही चूक स्मृतीची की पुरवठ्याची, हे मीटर लावल्यावाचून सांगता येत नसे. परंतु मीटर कोठे लावावयाचा, हे जोडणाऱ्यास ठाऊक असे. कारण प्रत्येक सांधा त्याने स्वतः जोडलेला असे.

१९७६ मधील ‘अॅपल १’ चा फलक तयार मिळे. ट्रान्सफॉर्मर मात्र ग्राहकालाच मिळवावे लागत. पुढील वर्षीच्या ‘अॅपल २’ साठी रॉड होल्ट यांनी स्विचिंग पद्धतीचा पुरवठा रचला. हे तंत्र त्यांनी शोधले असे नव्हे. अवकाशयानांत व मोठ्या यंत्रांत ते पूर्वीपासून होते. या पद्धतीत घरगुती वीज प्रथम एकदिश केली जाते आणि नंतर सेकंदास हजारो वेळा खंडित करून लहानशा ट्रान्सफॉर्मरमधून नेली जाते. वजन व उष्णता दोन्ही घटली. परंतु धोका वाढला. २३० व्होल्टांची वीज एकदिश होताच आतील कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यानंतरही काही काळ टिकू शकतात. पुरवठ्याची पेटी उघडू नये, हा नियम यातूनच आला. या नियमाने जीव वाचले हे खरे. पण पेटीच्या आतील जगाशी जोडणाऱ्याचा संबंधही त्यानेच तुटला.

पेटीकडून बाहेर काहीतरी निरोप येणे आता आवश्यक झाले. ऑगस्ट १९८१ मध्ये आलेल्या आयबीएमच्या वैयक्तिक संगणकात ६३.५ वॉटचा पुरवठा होता आणि त्यातून ‘पॉवर गुड’ नावाची एक तार निघत असे. सर्व दाब स्थिर झाल्याचा संकेत या तारेवर येईपर्यंत प्रोसेसर रोखून धरला जाई. भाषेच्या दृष्टीने हे नाव अर्थपूर्ण आहे. कारण ते विजेच्या अस्तित्वाविषयी काही सांगत नाही, तिच्या गुणाविषयी सांगते.

१९९५ मध्ये इंटेलने मांडलेल्या ‘एटीएक्स’ मानकाने ‘चालू’ व ‘बंद’ या शब्दांचे अर्थही बदलले. पुढील बटण आता मुख्य वीज तोडत नाही, केवळ विनंती करते. फलकाने हिरवी तार शून्य दाबाशी जोडली म्हणजे पुरवठा जागा होतो आणि जांभळ्या तारेवर ५ व्होल्ट यंत्र ‘बंद’ असतानाही उभे असतात. दाब स्थिर झाले, की राखाडी तारेवर शुभसंकेत येतो. २००० साली पेंटियम ४ साठी प्रोसेसरला १२ व्होल्टांची स्वतंत्र जोडणी आली. ती विसरली असता पंखे फिरतात आणि पडदा कोरा राहतो. पंख्यांची वीज दुसऱ्या वाटेने येत असल्यामुळे त्यांची साक्ष येथे निरर्थक ठरते.

मीटरची साक्षही अपुरी पडू शकते, हे त्यानंतर दिसून आले. १९९९ ते २००७ या सुमारास सदोष विद्युत्‌विलेयाचे कपॅसिटर असंख्य फलकांत व पुरवठ्यांत बसविले गेले. त्यांचे माथे फुगत, क्वचित फुटत. असे कपॅसिटर अंगावर आलेली तरंगयुक्त वीज सपाट करू शकत नाहीत. साधा मीटर सरासरी दाखवितो. १२ व्होल्टांच्या तारेवर तो ११.४ ते १२.६ या मान्य मर्यादेतील आकडा दाखवीत असताना तरंग मात्र १२० मिलिव्होल्टांच्या मर्यादेबाहेर गेलेला असू शकतो.

उलटपक्षी, निर्जीव भासणारा पुरवठा निर्दोषही असू शकतो. फलकाखाली एखादा पितळी आधार चुकीच्या जागी राहिला, तर शॉर्ट सर्किट होते, पुरवठा क्षणभर चालून स्वतःस थांबवितो आणि प्लग काढून काही वेळ थांबेपर्यंत पुन्हा उठत नाही. तेथे त्याने आपले कर्तव्य बजावलेले असते. तथापि बदलला जातो तोच. नवी पेटीही तशीच थांबते, तेव्हा खर्च वाया गेल्याचे कळते.

निदानाचा योग्य क्रम या इतिहासातूनच निघतो. प्रथम भिंतीवरील बटण, तार आणि पेटीमागील स्विच पाहावा. जुन्या पेटीवर ११५ व २३० व्होल्टांची निवडकळ असल्यास ती तपासावी. भारतात ती ११५ वर राहिली, तर पेटी सुरू करताच जळते. नंतर प्रोसेसरची स्वतंत्र जोडणी पाहावी. मग सर्व उपांगे काढून एकेक परत जोडावे. हिरवी तार काळीला जोडून पेटी सुरू होते, एवढ्यावरून ती भार पेलते असे सिद्ध होत नाही. म्हणून दाब यंत्र चालू असताना मोजावेत आणि राखाडी तारही पाहावी. इतके करूनही शंका उरल्यास खात्रीची दुसरी पेटी लावून पाहावी. मूळ पेटी मात्र उघडू नये. ‘अल्टेअर’ जोडणाऱ्याला प्रत्येक सांधा ठाऊक होता. आजच्या जोडणाऱ्याला निदान प्रत्येक तारेचा अर्थ ठाऊक असावयास हवा.