ठेव आणि विश्वास: न्यूयॉर्कच्या एका आयरिश पेढीचा वृत्तांत

या ज्युबिलीच्या अंकात देवालयाच्या भिंतींचा व घंटांचा इतिहास वाचकांस इतरत्र वाचावयास मिळेलच. आपल्या लोकांच्या गाठीच्या पैशाचाही एक इतिहास असतो. पेढ्यांवर अरिष्ट कोसळल्यावर गरीब कुटुंब आपली ठेव का काढते आणि का ठेवते, हा त्यातील मोठा प्रश्न होय.

1845 साली आयर्लंडात बटाट्याचे पीक कुजले आणि महादुष्काळ पडला. लक्षावधी कॅथलिक लोक जहाजांनी अमेरिकेस गेले. त्यांच्या मजुरीचा पैसा सुरक्षित राहावा म्हणून 1850 साली जॉन ह्यूजेस या आर्चबिशपांच्या प्रोत्साहनाने न्यूयॉर्कमध्ये एमिग्रंट इंडस्ट्रियल सेव्हिंग्ज बँक निघाली. तिच्या ठेवीदारांत मजूर व मोलकरणी पुष्कळ होत्या. कित्येकांस सहीही येत नसे. म्हणून कारकून प्रत्येकाचा मूळ गाव, परगणा, आईबापांची नावे वहीत टिपून ठेवी, की पुढे पैसे मागावयास आलेला मनुष्य तोच आहे याची खात्री पटावी. त्या वह्या न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात जतन केलेल्या आहेत.

1854 साली पेढ्या बुडणार अशी आवई उठली व काही ठेवीदारांनी या पेढीकडे धाव घेतली. मॉर्गन केली व कॉर्मॅक ओ ग्राडा या विद्वानांनी वह्या तपासल्या, तेव्हा असे आढळले की, कोण घाबरला हे मुख्यतः त्याच्या आयर्लंडातील परगण्यावरून ठरले. एका परगण्याचे लोक खाती बंद करून गेले. दुसऱ्या परगण्याचे, तशाच परिस्थितीतले लोक स्वस्थ राहिले. भीती गाववाल्यांच्या तोंडूनच पसरली होती.

यावरून गरिबांच्या अज्ञानास दोष देण्याची घाई करू नये. ऑगस्ट 1857 मध्ये ओहायो लाइफ ही मोठी कंपनी बुडाली, तेव्हा पहिली धाव व्यापाऱ्यांनी व जाणत्यांनीच घेतली. अडाणी मागून आले. ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या बँकांनी सोने देणे बंद केले. आयरिशांची पेढी मात्र दोन्ही अरिष्टांतून तरली.

आपल्या मुंबईतही असाच प्रसंग ओढवला होता. नोव्हेंबर 1913 मध्ये इंडियन स्पेसी बँक बुडाली. 1913 ते 1917 या काळात देशातील 87 बँका बुडाल्या. त्यानंतर 1918 साली मोन्सिन्योर पी. जे. मोनिस यांनी वसईत कॅथलिक सहकारी पतसंस्थेचा पाया घातला, ती आजची बॅसीन कॅथलिक बँक. एवढ्या पडझडीनंतर लोकांनी आपल्या माणसांच्या हाती पैसा द्यावा, यात नवल नाही.

तथापि ओळख म्हणजे तारण नव्हे. 1960 साली केरळातील ख्रिस्ती लोकांच्या पालाई गावची सेंट्रल बँक बुडाली, आणि मगच 1 जानेवारी 1962 पासून आपल्या देशात ठेवींस विमा मिळाला. प्रारंभी त्याची मर्यादा 1,500 रुपये होती. फेब्रुवारी 2020 मध्ये ती 5 लाख झाली.

एखाद्या बँकेविषयी बाजारात कुजबुज झाली की, मिस्सानंतर कोणीतरी विचारतोच, "फादर, पैसे काढू का?" आयरिशांचा हा वृत्तांत वाचल्यापासून मी वेदीवरून बँकांविषयी अक्षर काढीत नाही. विचारणाऱ्यास विम्याची मर्यादा सांगतो, आणि बँकेचा ताळेबंद घेऊन सायंकाळी ये म्हणतो.