सोसायटीचा डांबरी रस्ता: सील कोट कधी करावा आणि मे महिन्यातली घाई का महागात पडते?

मे महिना लागला की मुंबई-ठाण्यापासून रत्नागिरी-सिंधुदुर्ग आणि गोव्यापर्यंतच्या सोसायट्यांमध्ये पावसाळ्याआधीच्या कामांची यादी निघते. गच्चीचं वॉटरप्रूफिंग, गटारांची सफाई, झाडांची छाटणी. त्याच यादीत फाटकापासून पार्किंगपर्यंतचा डांबरी रस्ता काळा करून घेण्याचं कामही असतं. दोन महिन्यांनी त्याच रस्त्यावरची खडी सुटलेली दिसते आणि सभेत 'पैसे कुठे गेले?' हा प्रश्न येतो. अशा वेळी माल खराब होता असं म्हटलं जातं. पण बऱ्याचदा चूक मालापेक्षा वेळेची असते.

सील कोट म्हणजे नेमकं काय?

डांबरी रस्ता म्हणजे खडी, कच आणि ती धरून ठेवणारं बिटुमेन. सील कोट हा त्यावरचा पातळ थर. पाणी, ऊन आणि गाड्यांमधून सांडणारं तेल खालच्या थरापर्यंत पोहोचू नये, एवढंच त्याचं काम. तो रस्त्याला ताकद देत नाही. खचलेला रस्ता सील कोटने उचलला जात नाही आणि खड्डाही भरत नाही.

सोसायट्यांमध्ये दोन वेगळ्या गोष्टींना हेच नाव दिलं जातं. नवीन रस्ता करताना २० मिलिमीटरचा मोकळ्या दाण्याचा कार्पेट टाकला, तर त्यात पाणी झिरपायला जागा असते. म्हणून त्यावर लगेच सील कोट द्यावाच लागतो, तो मूळ कामाचाच भाग आहे. दुसरा प्रकार म्हणजे जुन्या रस्त्यावर काही वर्षांनी फवारलं किंवा ब्रशने पसरवलं जाणारं बिटुमेन इमल्शन. हा लेख मुख्यतः या दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे.

घट्ट मिश्रणाचा नवीन रस्ता असेल, तर त्यावर असा थर देण्याची घाई नको. ताज्या बिटुमेनमधले हलके घटक उडून तो टणक व्हायला साधारण सहा महिने ते वर्ष द्यावं. त्याआधी वरून झाकला तर तो जास्त काळ मऊ राहतो.

डांबर की बिटुमेन?

मराठीत 'डांबर' हा शब्द दोन वेगळ्या पदार्थांना वापरला जातो. रस्त्यावरचं बिटुमेन खनिज तेलाच्या शुद्धीकरणातून मिळतं. दुसरं डांबर कोळशापासून निघतं. कपाटात ठेवायच्या नॅप्थलिनच्या गोळ्यांना 'डांबराच्या गोळ्या' म्हणतात, ते या कोळशाच्या डांबरामुळे.

हा फरक महत्त्वाचा आहे. कोळशाच्या डांबरात कर्करोगाला कारणीभूत ठरणारी रसायनं मोठ्या प्रमाणात असतात. अमेरिकेत घरापुढच्या रस्त्यासाठी असे सीलर सर्रास वापरले जात. ती रसायनं पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यांच्या गाळात उतरत असल्याचं आढळल्यावर टेक्सासमधल्या ऑस्टिन शहराने २००६ मध्ये त्यांच्यावर बंदी घातली. आपल्या सोसायटीतही मुलं याच रस्त्यावर खेळतात. त्यामुळे कंत्राटदाराकडून बिटुमेन इमल्शनच वापरणार असं लिहून घ्यावं.

दमट हवेत काय बिघडतं?

बिटुमेनचे शत्रू दोन: ऊन आणि पाणी. उन्हामुळे आणि हवेतल्या ऑक्सिजनमुळे बिटुमेन हळूहळू कडक आणि ठिसूळ होतं. काळा रस्ता करडा दिसू लागतो, मग बारीक भेगा पडतात. पावसाळ्यात भेगांमधून पाणी खाली उतरतं आणि मुरूम-खडीचा पाया मऊ होतो. वरून गाडीचं चाक गेलं की ते पाणी दाबाने बाहेर येतं, येताना बारीक माती घेऊन येतं. आतून पोकळ झालेला भाग बसतो, तोच खड्डा. मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी २,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथे भेग उघडी ठेवणं परवडत नाही.

इमल्शन म्हणजे पाण्यात मिसळलेले बिटुमेनचे सूक्ष्म थेंब. पसरवताना ते तपकिरी दिसतं. पाणी सुटून थेंब एकमेकांना चिकटले की काळं होतं. हे पूर्ण होईपर्यंत थर कच्चाच असतो.

मे महिन्यात किनारपट्टीवर अडचण दुहेरी असते. हवेचं तापमान ३५ अंशांच्या आसपास असलं, तरी काळा रस्ता ५५ ते ६० अंशांपर्यंत तापू शकतो. त्यामुळे थराचा वरचा भाग पटकन सुकून साय धरतो आणि खालचं पाणी अडकतं. हवा दमट असल्याने ते बाहेर पडायला आणखी वेळ लागतो. असा थर फुगतो, सोलतो किंवा टायरला चिकटून निघतो. त्यातच वळवाची सर आली, तर कच्चं इमल्शन थेट गटारात जातं.

मग योग्य महिना कोणता?

हवामान विभागाच्या सर्वसाधारण वेळापत्रकानुसार मुंबईत मान्सून ११ जूनला येतो आणि ८ ऑक्टोबरच्या सुमारास परततो. पण २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला. 'मेच्या शेवटच्या आठवड्यात करू' हे गणित किती धोक्याचं आहे, ते त्या वर्षी दिसलं.

कोकण, मुंबई आणि गोव्यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा. पाऊस नसतो, हवा तुलनेने कोरडी असते आणि दिवसाचं ऊन थर सुकवायला पुरेसं असतं. पाऊस थांबल्यावर किमान दोन-तीन आठवडे रस्ता आतून सुकू द्यावा. थंडीत पहाटे दव पडतं, म्हणून काम सकाळी रस्ता कोरडा झाल्यावर सुरू करून दुपारपर्यंत आटपावं, म्हणजे थराला त्याच दिवशी काही तास ऊन मिळतं.

आणि आता मे महिनाच असेल तर?

सील कोट पुढे ढकला. या काळात खड्डे चौकोनी कापून बुजवणं, भेगा भरणं, गटारांची तोंडं मोकळी करणं आणि पाणी साचणाऱ्या जागांचा उतार नीट करणं एवढंच करावं. पावसाळ्याच्या मध्यात खड्डा पडलाच, तर कोल्ड मिक्स टाकून तात्पुरती सोय करता येते. पक्कं काम पाऊस गेल्यावरच.

रस्त्याला गरज आहे का, हे कसं ओळखायचं?

- कोरड्या रस्त्यावर बादलीभर पाणी ओता. ते वाहून गेलं तर थांबायला हरकत नाही. लगेच मुरून गडद डाग पडला तर सील कोटची वेळ झाली.
- रस्ता करडा पडला असेल आणि झाडताना कच सुटत असेल, तरी वेळ झाली.
- मगरीच्या पाठीसारखं भेगांचं जाळं दिसत असेल, तर पाया गेला आहे. तिथे सील कोट म्हणजे पैसे वाया. तो तुकडा खोदून नव्याने करावा लागतो.

काम चालू असताना काय बघायचं?

आधी भेगा भरल्या जातात, मग रस्ता झाडून धुतला जातो. पार्किंगमधले ऑइलचे डाग डिटर्जंटने घासून काढावे लागतात, कारण तेलावर थर धरत नाही. धुतल्यावर रस्ता पूर्ण सुकला पाहिजे. एका जाड थरापेक्षा दोन पातळ थर चांगले. पहिला तपकिरीचा काळा झाल्याशिवाय दुसरा देऊ नये.

थर गुळगुळीत झाला तर पहिल्याच पावसात दुचाकी घसरतात आणि ज्येष्ठ नागरिकांचं चालणं अवघड होतं. म्हणून त्यात किंवा त्यावर स्वच्छ कोरडी रेती हवी. नंतर निदान २४ तास, आणि हवा दमट असेल तर ४८ तास गाड्या बाहेर ठेवाव्यात. रस्ता दोन भागांत केला तर येण्या-जाण्याची वाट राहते.

रस्ता काळा दिसावा म्हणून कोणी जळकं ऑइल मारायचं सुचवलं तर स्पष्ट नकार द्या. तेल बिटुमेनला विरघळवतं.

कोटेशनमध्ये काय असावं?

आदर्श उपविधींनुसार सभासदांकडून दुरुस्ती आणि देखभाल निधी म्हणून दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के रक्कम घेतली जाते. रस्त्याचा खर्चही सभासदांच्याच खिशातून जातो. त्यामुळे कोटेशनमध्ये 'रस्ता सीलिंग, एकूण रक्कम' एवढी एक ओळ पुरेशी नाही. मोजलेलं क्षेत्रफळ, इमल्शनची श्रेणी, थरांची संख्या, भेगा भरण्याचा वेगळा दर आणि एका पावसाळ्याची हमी लिहून घ्यावी. इमल्शनसाठी भारतीय मानक आयएस ८८८७ आहे, पिंपावर तो क्रमांक बघता येतो. इमल्शनमध्ये पाणी किती मिसळणार, हेही आधीच ठरवावं. जास्त पाणी घातलेला थर पहिल्या दिवशी तितकाच काळा दिसतो, पण टिकत नाही.

नंतरची देखभाल

सील कोट दरवर्षी करायचा नसतो. साधारण तीन ते पाच वर्षांनी, तोही पाण्याची चाचणी घेऊन. थरावर थर चढत गेले की वरचं आवरणच तडकू लागतं. मधल्या काळात कामं साधी आहेत: सांडलेलं ऑइल लगेच पुसणं, पालापाचोळा साचू न देणं, टाकी भरून वाहणारं पाणी रस्त्यावर न सोडणं. आणि दरवर्षी ऑक्टोबरच्या शेवटी कमिटीतल्या दोघांनी रस्त्यावरून चालत जाऊन भेगांवर खडूने खुणा कराव्यात. त्या भेगा नोव्हेंबरमध्ये भरल्या, तर पुढच्या जुलैतले बरेचसे खड्डे टळतात.