पार्कर, जॉन पी.

(१८२७–३० जानेवारी १९००). अमेरिकेतील ओतशाळेचे मालक, यंत्रसंशोधक आणि पळून येणाऱ्या गुलामांना नदीपार करणारे कृष्णवर्णीय कार्यकर्ते. व्हर्जिनियातील नॉरफोक येथे गुलाम आई व गोरा पिता यांच्या पोटी त्यांचा जन्म झाला; आईचा दर्जा तोच अपत्याचा, या तेथील कायद्यामुळे ते जन्मतःच गुलाम ठरले. आठव्या वर्षी आईपासून तोडून त्यांना विकण्यात आले आणि साखळीने जखडलेल्या गुलामांच्या तांड्यातून अलाबामातील मोबील येथे चालवत नेऊन एका डॉक्टरला विकले गेले. डॉक्टरच्या मुलांनी त्यांना चोरून वाचायला शिकवले. पुढे ते बिडाचे ओतकाम शिकले आणि त्याच कामाच्या मजुरीतून १,८०० डॉलर फेडून १८४५ मध्ये त्यांनी स्वतःला विकत घेतले.

त्यानंतर ते ओहायो राज्यात आले व रिप्ली या नदीकाठच्या गावी स्थायिक झाले. ओहायो नदीच्या दक्षिण तीरावरील केंटकीत गुलामगिरी कायदेशीर होती, उत्तर तीरावर नव्हती. त्यामुळे ‘भूमिगत रेल्वे’चे, म्हणजे पळणाऱ्यांना आसरा देत टप्प्याटप्प्याने उत्तरेकडे पोचवणाऱ्या गुप्त साखळीचे, रिप्ली हे महत्त्वाचे ठाणे बनले. (या व्यवस्थेत रेल्वे केवळ नावापुरती होती.) टेकडीवर राहणारे धर्मोपदेशक जॉन रँकिन व त्यांचे कुटुंब आलेल्यांना पुढे धाडण्याची सोय करीत. पार्कर यांचे वेगळेपण असे, की आलेल्यांची वाट पाहत न थांबता ते स्वतः रात्री होडीने केंटकीत उतरून माणसे घेऊन येत. पकडले गेल्यास स्वतःचे स्वातंत्र्यही जाण्याचा धोका त्यांना गोऱ्या सहकाऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक होता. एका जोडप्याने पळू नये म्हणून मालक त्यांचे तान्हे मूल रात्री आपल्या खोलीत, पिस्तुले हाताशी ठेवून निजवीत असे. पार्कर यांनी अंधारात घरात शिरून ते मूल पलंगाच्या पायथ्याकडून उचलले आणि मागून गोळ्या झाडल्या जात असताना तिघांना नदीपार केले.

हा प्रसंग त्यांच्याच कथनातून कळतो. १८८० च्या दशकात पत्रकार फ्रँक ग्रेग यांना सांगितलेल्या या आठवणी ड्यूक विद्यापीठात हस्तलिखित रूपात पडून राहिल्या व १९९६ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या. त्यांनी किती जणांना सोडवले याची नेमकी मोजदाद आज करता येत नाही, याचे कारणही त्यांनीच दिले आहे : सोडवलेल्यांची नोंदवही ते ठेवीत, तिच्यात ३१५ नोंदी झाल्या होत्या, परंतु १८५० च्या फरारी गुलाम कायद्याने मदतनिसास १,००० डॉलरपर्यंत दंड व सहा महिन्यांपर्यंत कैद अशी शिक्षा ठरवल्यावर ती वही पुरावा होऊ नये म्हणून त्यांनी ओतभट्टीत टाकली. याउलट, भूमिगत रेल्वेचेच काम करणारे फिलाडेल्फियाचे विल्यम स्टिल यांनी आपली टिपणे जपून १८७२ मध्ये छापली, म्हणून तेथून गेलेल्यांची नावे वाचायला मिळतात. रिप्लीहून गेलेल्यांबाबत तशी सोय नाही.

यादवी युद्धात पार्कर यांनी कृष्णवर्णीय सैनिकांच्या २७ व्या पलटणीसाठी भरती केली. युद्धोत्तर काळात ओतशाळा चालवताना त्यांनी तंबाखू दाबण्याच्या यंत्रांतील सुधारणांसाठी १८८४ व १८८५ मध्ये, तर ढेकळे फोडण्याच्या अवजारासाठी १८९० मध्ये एकस्व (पेटंट) मिळवले. त्या काळात कृष्णवर्णीयांच्या नावे एकस्वे फारच थोडी होती. पत्नी मिरांडा यांच्यासह त्यांनी सहाही अपत्यांच्या शिक्षणाची तजवीज केली. त्यांचे नदीकाठचे घर १९९७ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारक घोषित झाले असून तेथे संग्रहालय आहे.